दूध कोणाचं

हॉस्पिटलने आमच्या ट्रस्टला तिसऱ्या मजल्यावर एक खोली दिली होती. पंप, फ्रीजर, खुर्च्या आमच्या. वीज, पाणी आणि डॉक्टर त्यांचे. खोलीला सगळे दूधपेढी म्हणत. ज्या बाळंतिणीला जास्तीचं दूध येतं तिने ते काढून द्यायचं. मग ते तपासून, तापवून, गोठवून ठेवायचं आणि ज्या कमी दिवसांच्या बाळाची आई पाजू शकत नाही त्याला द्यायचं. बाळंतिणींना समजावणं आणि घरच्यांची संमती मिळवणं हे माझं काम. वॉर्डात मला कोणी नावाने हाक मारत नसे. मी ‘ट्रस्टवाल्या मॅडम’.

एकदा कासारवाडीहून एका मुसलमान घरातली सून आली. रक्तदाब चढून झटके आले होते, म्हणून सातव्या महिन्यातच मोकळी करावी लागली. ती आयसीयूत आणि मुलगा काचेच्या पेटीत. नवरा गॅरेज चालवणारा. डॉक्टर दाखवतील तिथे मुकाट सही करत होता. दुधाच्या संमतीपाशी मात्र त्याच्या आईने त्याचं मनगट धरलं.

“दूध कोणाचं ते कळल्याबिगर न्हाई.”

मी सांगितलं, नाव सांगायचं नाही असा नियम आहे. शिवाय चार-पाच जणींचं दूध एकत्रच करतात. त्यावर ती आणखीच घट्ट झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पावडरचं दूध या आतड्यांना झेपायचं नाही, संध्याकाळच्या आत काय ते ठरवा, म्हणाले.

मी म्हातारीला बाकावर बसवलं आणि समजूत घालायला लागले. रक्त देताना कोणी जात विचारतं का, दुधाला कसला धर्म, वगैरे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हिंदूचं असंल तर घोरच न्हाई, बाई,” ती म्हणाली. “आमच्यातलं असलं तर नाव सांगा. एका बाईचं दूध प्यालेली पोरं बहीणभाऊ होतात. उद्या ह्याची सोयरीक हितंच कुठं जमली अन् पोरगी ह्याची बहीण निघाली, तर? तुमी पाच जणींचं मिसळता. म्हंजे पाच घरं बंद, अन् कुठली ते बी ठाऊक न्हाई.”

माझं भाषण वाया गेलं होतं. पण आता अडचण काय आहे ते तरी कळलं, आणि कळलेल्या अडचणीचं काही करता येतं.

फ्रीजरमध्ये एकीचं दूध वेगळं होतं. लातूरकडची हिंदू मुलगी, नवरा चाकणला कंपनीत. तिची लेकही पेटीत होती, पण सुधारत होती. हिला दूध इतकं, की तिच्या एकटीच्याच बाटल्यांची एक खेप भरायची. तपासणी झालेली, पाजायला तयार. तिच्या सोबतीला कोणी नव्हतं. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून आईला गाव सोडता येईना. नवरा ओव्हरटाइम संपवून यायचा आणि बाकावर बसल्या बसल्या झोपायचा. गरज नसतानाही ती आमच्या खोलीत येऊन बसे. वॉर्डात दिवस जात नाही, इथे पंपाचा आवाज तरी असतो, म्हणायची. घरी मी टीव्ही त्याचसाठी लावते.

दोन्हीकडची लेखी संमती असेल तर माझी हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी तिच्याकडे गेले. नाव सांगितलं तर चालेल का, आणि ते का हवंय, हेही सांगितलं.

तिने थोडा विचार केला. “म्हणजे माझी पोरगी त्याची बहीण?”

“त्यांच्या हिशोबानं, हो.”

“मग सांगा की. तिला इथं दुसरं कोण आहे?”

म्हातारीला नाव सांगितलं, तिच्या मुलाने सही केली आणि संध्याकाळी नळीतून दूध गेलं. चमचाभरही नव्हतं. म्हातारी काचेबाहेर उभी राहून बघत होती. नळी रिकामी झाल्यावर, मला त्या मुलीकडे न्या, म्हणाली. तिथे गेल्यावर पुन्हा नाव विचारलं, गाव विचारलं, भाऊ किती ते विचारलं.

“आता तू ह्याची दूधआई. तुझ्या लेकीचं अन् ह्याचं लगीन व्हायचं न्हाई, ध्यानात ठेव.”

“नाहीतर होणार होतं व्हय, आजी?” मुलगी म्हणाली.

दोघी इतक्या हसल्या, की मुलीला टाक्यांवर हात धरावा लागला. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी हळिवाची खीर यायला लागली. पहिल्या दिवशी म्हातारीने डबा उघडून दाखवला, “नव्या भांड्यात केलीया.” मुलगी म्हणाली, जुन्यात केली असती तरी चालली असती, आणि डबा पुसून खाल्ला.

पुढे सुनेला आयसीयूतून बाहेर काढलं, तिला स्वतःचं दूध येऊ लागलं. दोन्ही बाळं वजन धरून घरी गेली. मुलीला चाकणच्या खोलीवर सोडायला गॅरेजवालाच गाडी घेऊन आला. गडबडीत खिरीचा डबा आमच्या खोलीत राहिला.

डबा मी ताथवड्याला घरी आणला. माझ्या लेकीचं बाळंतपण परदेशात झालं. इकडे सगळं हॉस्पिटल बघतं, आई, तू दगदग करू नकोस, असं तिने सांगितलं होतं. ते खरंही होतं. नातू मी फोनवर पाहिला. हळीव घरात कधी आणलेच नाहीत. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून रविवारी रव्याचे लाडू केले, त्यात भरले आणि कासारवाडीला गेले.

लातूरची मुलगी तिथेच होती, लेकीला घेऊन आलेली. दोन्ही बाळं एकाच गोधडीवर निजली होती. म्हातारीने नातवाला उचलून एकेकीची ओळख करून दिली. ही तुझी आई, ही दूधआई, ही बहीण. मग माझ्यापाशी आली, आणि क्षणभर अडली.

“अन् ह्या ट्रस्टच्या.”

मी चहा घेतला. डबा धुऊन मला परत मिळाला, आत शिरखुर्मा भरून. एकटीला तो तीन दिवस पुरला.