बिनदाराचं घर

घरं बांधायच्या त्या व्हिडिओ गेमचा नवा भाग आला की माझी लेक आधी आमचंच घर बांधते. काळा ओटा, गॅलरीतली तुळस, पेपर वाचणारा बाबा. खरा बाबा गेल्या वर्षी कामावर निघाला आणि रस्त्यातच गेला.

यंदाच्या घराला दारच दिसेना. "दार राहिलं की गं," मी म्हणाले.

"राहिलं नाही, काढलंय. दार असलं की बाबा कामावर जातो."

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे मीच तिला शिकवलेलं. तोही त्या सकाळी 'येतो' म्हणूनच गेला. एवढ्याशा शब्दाच्या भरवशावर आपण माणसांना घराबाहेर सोडतो.

मी भाजीची पिशवी उचलली. सवयीनं तोंडून निघालं, "येते गं."

तिनं खेळ थांबवला आणि आमच्या खऱ्या दाराकडे बघितलं.