चिकाला विटाळ नाही

‘सोयीची नोकरी’ हे शब्द ऐकले की अजूनही माझं डोकं फिरतं. लग्न ठरलं तेव्हापासून ते माझ्या मागे लागलेत. बाईने शाळेत लागावं. पोरांना सुट्टी तेव्हा तिला सुट्टी, उन्हं कलायच्या आत घरी, सगळ्यांना गरम भाकरी. कोणाची सोय, असं विचारलं की सगळे माझ्याकडे असे बघायचे, जशी काही मी ताटावर शिंकले.

मी जनावरांच्या उपचाराचा डिप्लोमा केलाय. शहाद्याच्या आसपासच्या गावांत, पार प्रकाशा गावापर्यंत, स्कूटीवर फिरते. गाईम्हशींना इंजेक्शनं देते, अडलेलं वासरू काढते, गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करते. हा शेवटचा शब्द तर आमच्या घरात उच्चारायचीही बंदी. सून काय करते असं कोणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, “दवाखानामा शे.” कोणाच्या दवाखान्यात, ते गिळून टाकायच्या.

पोरगी झाल्यावर मी हे काम सोडलं नाही, कारण आई म्हणून मला हेच जमत होतं. सकाळी पोरीला सासूबाईंजवळ ठेवून एक फेरी, दुपारभर पोरीजवळ, ऊन उतरल्यावर पुन्हा एक चक्कर. तिला ताप आला तर फोन करून सांगायचं, आज दुसऱ्याला बोलवा. ऑफिसात बसून असं सांगता येतं का? पण पटवणार कोणाला? नवऱ्याला? घरात आवाज चढला की तो मोबाइल चार्जिंगला लावायला आतल्या खोलीत जायचा. जगात इतकं चार्जिंग कोणत्याच मोबाइलला लागत नसेल.

सासूबाईंचं हत्यार म्हणजे विटाळ. गाईचं बाळंतपण करून आले की मी मागच्या दाराने यायचं, कपडे बाहेरच्या दगडावर टाकायचे, मोरीत डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि तोवर पोरीला शिवायचं नाही. पोरगी दारातून हात पुढे करून रडायची. त्या तिला मागे ओढायच्या. “थांब, तुन्ही माय ईटाळेल शे.” अंगावर पिणाऱ्या लेकराला हे सांगायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता गंमत ऐका. गाय व्याली की तिचा पहिला चीक सोडवणाऱ्याच्या हातावर ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. रिकाम्या हाताने कोणी धाडत नाही. तर त्या चिकाच्या डब्याला विटाळ नव्हता. माझ्या त्याच हातातून, अंघोळीच्या आधी, सासूबाई तो डबा उचलून घ्यायच्या. मी मोरीत कुडकुडत असायचे आणि आत वेलची कुटल्याचा आवाज यायचा. मग खरवसाच्या वाट्या गल्लीभर फिरायच्या. कोणी विचारलं, कुठून आणला, तर उत्तर ठरलेलं, “मन्हा भाऊनी धाडेल शे.”

मागच्या उन्हाळ्यात घरात परस्पर ठरलं. सासूबाईंच्या नात्यातल्या एका गृहस्थाची शाळा आहे. तिथल्या ऑफिसात मला बसवायचं. गृहस्थ आले, चहा प्याले आणि म्हणाले, “वहिनी, पंख्याखालचं काम आहे. लेडीजला एकदम सोयीचं.”

मी म्हटलं, “मला नको. मला माझं काम येतं आणि ते आवडतं.”

आवडतं या शब्दावर ते हसले. सासूबाईंकडे बघून, मान हलवत हसले, लहान पोराने चंद्र मागितल्यावर हसतात तसे. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

ते गेल्यावर सासूबाई उंबऱ्यात बसल्या. “मंग आयक. उद्यापाईन पोर मी नही सांभाळाव. ढोरेस्ना मांगे फिर, नहीते पोरले सांभाळ. काय ते ठरव.”

नवरा मोबाइल घेऊन उठला. मी म्हटलं, “बसा. आज चार्जिंग पुरे.” बसला. त्याच्या आईने माझ्या कामाचा गळा धरला होता आणि हा जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी पोरीला स्कूटीवर पुढे उभं केलं आणि निघाले. गावाबाहेर पपईच्या बागेत एक पावरा आदिवासी कुटुंब राखणीला राहतं. डोंगरातून, तोरणमाळकडून आलेलं. त्यांच्या म्हशीला मी औषध देत होते. झोपडीपुढे त्या बाईची दोन लेकरं खेळत होती. माझी पोर आपणहून उतरली आणि त्यांच्यात जाऊन मातीत बसली. बाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, राहू दे, जा तू. तिच्या हाताला शेण होतं, माझ्याही. आम्हा दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या फेऱ्यांच्या वेळी पोर तिथेच राहू-जेवू लागली. घरी आग लागली. त्यांच्या झोपडीत? त्यांच्या हातची भाकरी? सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तो आठवडा मला फार सोयीचा गेला.

मग गल्लीतल्याच एकाची गाय अडली. वासरू सुखरूप निघालं आणि त्यांनी डबा भरून चीक दिला. मी तो थेट बागेत नेऊन त्या बाईच्या हातात ठेवला. पोर तिथेच खेळात रमली होती. गल्लीतच जायचं म्हणून औषधाची पेटी घरी राहिली होती, ती घ्यायला एकटीच परत आले, आणि मुद्दाम पुढच्या दाराने आले.

गाय व्याल्याची बातमी आधीच पोचली होती. पातेलं घासून ठेवलेलं, गूळ किसलेला, वेलची कुटलेली. सासूबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं.

“डबा कोठे शे?”

“आज ईटाळ शे ना, आई.”

त्यांचा चेहरा उतरला. मग माझ्या मागे, रिकाम्या ओट्याकडे त्यांची नजर गेली.

“आनि पोर? पोर कोठे शे?”

मी पेटी उचलली.

“जठे चीक गया, तठे.”