सावकाश चालणारी मुलगी

“धाकटी बघ की, दोन-दोन पायऱ्या टाकत वर आली. धाप न्हाय, काय न्हाय. हिलाच कसं झालं गं?” आत्या आईच्या कानात म्हणाली. आत्याचं कानातलं बोलणं दवाखान्यातल्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

धाकटी म्हणजे सायली, माझी बहीण. लिफ्ट बंद होती. वर येताना मी सँडलचा पट्टा नीट करायला दोनदा थांबले होते. पट्ट्याला काही झालं नव्हतं.

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डाव्या कुशीवर झोपवून छातीला गार जेल लावतात. दुखत नाही. पडद्यावर रक्त रंगांत दिसतं. माझ्या पडद्यावर प्रत्येक ठोक्याला रंगाचा एक झोत उलट्या दिशेने येत होता.

“मायट्रल रिगर्जिटेशन,” डॉक्टर म्हणाले. “हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात. त्यांच्यामधली झडप नीट मिटत नाही. पुढे जायचं रक्त मागे येतं आणि हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं. बरीच वर्षं ते निभावून नेतं, पण आतून मोठं होत जातं.” माझी गळती सिव्हिअर, म्हणजे बरीच जास्त होती.

हे ऐकून आधी मला भीती वाटली नाही. हे सायलीला का नाही झालं, असं वाटलं. आई-वडील तेच, डबाही तोच. ती सकाळी रंकाळ्यावर धावून येते आणि तशीच माझ्या पलंगावर बसते. मला तिच्या घामाचाही हेवा वाटायचा.

तिच्यापेक्षा वरचढ अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती. पाहुणे म्हणायचे, “थोरली कशी सावकाश चालते, सावकाश बोलते. न्हायतर ही धाकटी, नुसती घोडी!” स्थळ घेऊन येणाऱ्यांना आई हे कौतुकाने सांगायची. भरभर चालले की माझी छाती धडधडायची. लांब वाक्याला श्वास पुरायचा नाही. त्याचं एवढं कौतुक होत होतं, मग मी कशाला बोलू?

डॉक्टरांनी मला विचारलं, “चढताना दम लागतो?”

“न्हाय हो,” आई म्हणाली. “पोरगी मुळातच शांत हाय. आणि आता मलकापूरचं स्थळ आलंय. गोळ्यांवर भागत न्हाय का?”

“त्रास नसेल तर लक्ष ठेवून थांबता येईल. त्रास असेल तर थांबणं चूक. हृदय थकायच्या आत झडप दुरुस्त केलेली बरी. म्हणून मला तिच्या तोंडून ऐकायचंय.”

हे वाचणाऱ्या कुणाला जिन्यावर दम लागत असेल, सपाट झोपल्यावर गुदमरत असेल, संध्याकाळी पावलं सुजत असतील, तर डॉक्टरांना सांगा. इकोमध्ये गळती दिसते. तुम्ही कुठल्या पायरीवर थांबता, ते दिसत नाही.

माझं ऑपरेशन झालं. झडप बदलावी लागली नाही, दुरुस्त झाली. आता मी सायलीबरोबर रंकाळ्यावर जाते. ती अजून पुढे असते आणि मला अजून हेवा वाटतो, पण आता तिच्यामागून चालताना वाटतो. ज्यांच्या हातांनी हे घडलं त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. सायलीचीही, कारण त्या दिवशी त्या खोलीत मी गप्पच बसले होते आणि दाराशी उभी असलेली ती बोलली.

“ताई, पन्हाळ्यावर तू सारखी फोटो काढायला थांबत होतीस. मला एकपण फोटो पाठवला नाहीस.”

म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यात ती पुढे, आता माझ्या दुखण्यातही तीच आधी बोलणार होती. हे तरी माझं होतं.

“तू थांब, मी सांगते,” मी म्हणाले. “डॉक्टर, मला दम लागतो. खूप वर्षांपासून लागतो.”