साडीच्या खोक्यावरचं क्राकोव

ताईनं लागोपाठ तीन पत्रांत लिहिलं होतं, की पदवीच्या कार्यक्रमाला घरचं कुणी आलं नाही तरी चालेल. तिसरं पत्र ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "तीनदा लिव्हलंय म्हंजे तिला कुणीतरी यायला पायजे हाय. मी जाते."

ताई पोलंडमधल्या क्राकोव नावाच्या जुन्या शहरात शिष्यवृत्तीवर रसायनशास्त्र शिकायला गेली होती. आता तिला डॉक्टरेट मिळणार होती, आणि पाटोद्याच्या पेठेत साड्यांचं दुकान चालवणारी आमची आई आठवडाभरासाठी तिकडे निघाली होती. एकटी, कारण दोन तिकिटं झेपणारी नव्हती. मला हेवा वाटला हे सरळ कबूल करते. दोन दिवस मी आईशी धड बोललेसुद्धा नाही. मग ठरवलं, जायला मिळत नसेल तर निदान सगळा बेत तरी माझ्याच हातचा असेल.

साडीच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून मी त्यावर आठवड्याचे सात रकाने आखले. ताईकडून शहराचा नकाशा मागवला. मधोमध भला मोठा चौक, चौकात शेकडो वर्षांपूर्वीचा कापडाचा बाजार, दक्षिणेला नदीकाठच्या टेकडीवर राजाचा किल्ला, थोडं लांब मिठाची खाण. पंधरा दिवसांत मला तिथल्या गल्ल्या शेजारच्या आष्टी गावापेक्षा जास्त पाठ झाल्या. आईनं पहिला दिवस कापडबाजाराला दिला. राजा काय, दुसऱ्या दिवशीही भेटेल म्हणाली.

तिचे प्रश्न मात्र संपत नव्हते. आंघोळीला पाणी किती वाजता तापतं? मटणाच्या भांड्यात आपलं शिजवत नाहीत ना? आणि तिथली पेठ कोणत्या वारी बंद असते?

"आई, ती काय पाटोद्याची पेठ हाय का वाराला बंद राहायला?" मी खेकसले.

"इचार तर खरं. दार लावलेल्या दुकानापुढं उभं राहायला इतक्या लांब जाऊ का?"

ताईचं उत्तर आलं. किल्ल्यातले महाल सोमवारी बंद असतात. माझ्या पुठ्ठ्यावर किल्ला नेमका सोमवारीच होता. मी मुकाट्यानं खाडाखोड केली आणि आईनं, देवाशप्पथ, एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

व्हिसा झाला, तिकीट आलं, आणि मग आमचे काका आले. शेजारीच त्यांचं भुसाराचं दुकान. वहिनीनं सातासमुद्रापार एकटीनं जावं हे त्यांना पहिल्यापासूनच रुचलेलं नव्हतं.

"वहिनी, इमानात चढायच्या आधी अंगावरचं समदं काढून ठिवायला लावतात. गळ्यातलं लिंगसुदिक. कशापाई जाताय?"

आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग लग्नाच्याही आधीपासून होतं. ते अंगावेगळं करायचं नाही आणि रोज त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा तिचा नेम. वडील गेले त्या दिवशीही तिनं तो मोडला नव्हता.

आईनं डबीवर हात ठेवला. म्हणाली, "मग न्हाई जायचं."

झालं. इतक्या दिवसांची मेहनत एका वाक्यात पाण्यात. मी रडले, भांडले, काकांना नको ते बोलले. आई साड्यांच्या घड्या घालत राहिली. तिकडे ताई सभागृहात एकटीच उभी राहणार, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

शेवटी मला आईचीच रीत आठवली. मोठ्या खरेदीला निघायचं असलं की ती आदल्या दिवशी भरलेली पिशवी उचलून एसटी स्टँडपर्यंत चालून यायची. झेपते का ते बघायला. लोक हसायचे, ती खुशाल जायची. मी म्हटलं, "आई, पिशवी उचलून बघू. चल औरंगाबादला."

विमानतळाच्या दारात खाकीतली एक बाई उभी होती. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर आईच पुढे झाली आणि डबी दाखवून म्हणाली, "बाई, इमानात बसायचं तर हे काढावं लागंल का? खरं सांगा. लागत असंल तर मी आत्ताच घरी जाते."

ती बाई वाकून बघत म्हणाली, "मावशी, माझ्या सासूच्या गळ्यात बी हेच हाय. आधी सांगायचं, पूजेचं हाय म्हणून. बाईमाणूस आडोशाला नेऊन तपासती. इथं तर आमी काढायला लावत न्हाई."

"अन् तिकडल्या?"

"तिकडलं मला न्हाई ठावं. पण सांगून बघायला काय जातंय?"

परतीच्या एसटीत आईनं हिशोबीपणानं नवं काम काढलं. ताईनं तिकडच्या भाषेत चिठ्ठी लिहून पाठवायची: ही पूजेची वस्तू आहे, ही बाई ती अंगावेगळी करत नाही, कृपा करून बाईमाणसानं तपासावं. अशा पाच चिठ्ठ्या आल्या. एक तिनं पोलक्यात ठेवली, एक पिशवीत, एक चपलेच्या पिशवीत, उरलेल्या दोन पाठ करायच्या असल्यासारख्या रोज उघडून बघितल्या. वाचता एक अक्षर येत नव्हतं.

मुंबईला तिला सोडून आल्यावर चार दिवस मी नुसती एसटीडी बूथच्या आसपास घुटमळत होते. पाचव्या दिवशी दुपारी ठरलेल्या वेळी फोन वाजला. बूथमध्ये मी, माझ्यामागे काका, काकांच्या मागे अर्धी पेठ.

"पदवी झाली!" ताई ओरडली. "आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. माझं नाव पुकारलं तशी एकटीच उभी राहिली, मग बाकीचे पण राहिले. आणि ऐक, डबीला कुणी हात लावला नाही!"

मी तिथेच हसायला आणि रडायला एकदम लागले. मग आईचा आवाज आला, समुद्रापलीकडून बोलायचं म्हणून दुप्पट मोठा.

"कापडबाजार बघितला. कापड कायबी न्हाई तिथं आता, समदी शोभेची खेळणी. इमारत मातर लई देखणी. रस्ते तू सांगितलेस तस्सेच हायत गं, पोरी. ताईच रस्ता चुकली, मी नेलं तिला बरोबर."

मागून पेठेतली माणसं काय झालं, काय झालं विचारत होती. आई म्हणाली, "तुझे काका हायत का तिथं? दे त्यांना."

काकांनी टोपी सारखी केली आणि फोन घेतला. आईचा आवाज बूथबाहेरही ऐकू येत होता.

"भाऊजी, मी यायच्या आत धाकटीच्या पासपोर्टाचा कागद भरून ठिवा. पुढल्या खेपंला तिला धाडायचं हाय."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाले, "बरं वहिनी. उद्याच भरतो."