करंगळीची शीर

१० फेब्रुवारी १९९७. दुपारी आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून मी सिरिंजा उकळत बसले होते. रोह्याहून आलेली एसटी फाट्यावर थांबली आणि कंडक्टर उतरून थेट माझ्याकडे चालत आला. एरवी तो निरोप खिडकीतूनच ओरडून द्यायचा. “बाई, बेकरीवाल्यांनी सांगायला सांगितलंय. पाववाले मामा गेले. सकाळी उतारावर सायकलवरून पडले, मोरीच्या कठड्यावर डोकं आपटलं. संध्याकाळी पेणला गावी नेतील. उद्या सकाळी उचलणार.” मी बरं म्हटलं. गाडी गेली. सिरिंजा अजून पुरत्या उकळल्या नव्हत्या, म्हणून स्टोव्ह बंद केला नाही. तिथेच बसून राहिले. तेव्हा जे आठवत होतं ते इथे लिहिते आहे. मामांना ओळखणारी माणसं अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींनी हे वाचायला हवं.

गावातली पोरं त्यांना झटकेमामा म्हणत. सायकल चालवताना मामा थोड्या थोड्या वेळाने एक हात हँडलवरून सोडत, वर करत आणि पाण्याचे थेंब उडवावेत तसा झटकत. मग दुसरा. दुरून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस आपल्याला हात करतोय. नवीन माणसं हमखास उलट हात करत. मीही केला. बदली होऊन निडीच्या बाजूला आले त्याच आठवड्यात हे काळ्या सायकलवर पत्र्याची पेटी बांधून येताना दिसले. त्यांचा हात वर गेला, तसा माझाही गेला. सायकल माझ्यापुढे येऊन थांबली.

“किती देऊ, बाय?”

“काय किती?”

“पाव. हात केलास नं?”

“तुम्ही केलात म्हणून मी केला.”

“मी कुठं केला? माझ्या हाताला मुंग्या आल्यात.” आणि मग पेटीचं झाकण उघडत, “आता थांबलोच हाय तं घे.”

मी घेतले. पाव लादीने येत, एकमेकांना चिकटलेले. मामा लादी दोन्ही हातांत धरून अशी मोडत की पावाचा कुठे लचका निघत नसे. मागाल तेवढे पाव सरळ रेषेत सुटून हातात येत. गरम असले तर ते आधी स्वतःच्या गालाला लावून बघत. “पोराच्या हातात द्यायचा तं भाजाया नको,” म्हणत. आज कुणी असं केलं तर मीच रागवेन. पण तेव्हा गावातलं प्रत्येक पोर त्यांच्या गालाला लागलेला पाव चहात बुडवून खाऊन मोठं झालं आणि कुणाचं पोट बिघडलं म्हणून माझ्याकडे आलं नाही.

मूळचे ते पेणच्या खाडीकाठचे. घरची माणसं मिठागरात. खाडीचा बांध फुटला, आगर बुडालं, आणि मामा रोह्याला येऊन बेकरीत लागले. रोह्यात एक खोली, खोलीत मामी, आणि पहाटेपासून सायकल. पेटी मागे, शिवाय हँडलच्या दोन्ही बाजूंना खारी-बटरच्या पिशव्या. हाताला मुंग्या का येतात हे कळायला त्या सायकलकडे एकदा बघणं पुरेसं होतं.

मलाही येत. माझं काम चार वाड्यांत फिरण्याचं, आणि मीही सायकलवरच फिरे. संध्याकाळी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं नसल्यासारखं होई. मी मामांना त्यांच्याच तळहातावर बोट ठेवून दाखवलं: मनगटाच्या पुढे, करंगळीच्या खाली, हा जो मांसल भाग आहे त्याच्या आतून शीर जाते. सगळं वजन तिथे टेकलं की ती दबते. मामांनी ते नीट ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे घोड्याच्या पाठीवर बसायचा सोडून मी त्याच्या मानंवर बसतोय.”

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून सायकलींची बरीच उलथापालथ केली. त्यांची सीट पुढे झुकलेली होती, त्यामुळे अंग घसरून हातांवर येई. ती आम्ही सपाट केली. हँडल थोडं वर घेतलं. पिशव्या हँडलवरून काढून मागे पेटीच्या दोन बाजूंना बांधल्या. जुनी ट्यूब कापून मुठींवर गुंडाळली आणि वर मामींच्या जुन्या लुगड्याची पट्टी. माझ्या मुठींना त्यांनी स्वतः पट्टी बांधून दिली, न विचारता. “तुझी सायकल सरकारी हाय, पन हात तं तुझेच नं?”

गावातल्या मुली तेव्हा नुकत्या सायकल शिकत होत्या. कुणी मुठी पांढऱ्या पडेपर्यंत हँडल आवळून चालली की मामा शेजारून जाता जाता ओरडत, “अगो, चोराची गचांडी नाय ती! पोराचा बोट धरल्यासारका धर!” कोपर ताठ ठेवलं की म्हणत, “हात वाकव गो, नायतर रस्त्याचा दगडन् दगड खांद्यात मोजशील.” आणि सगळ्यांना सांगत, मुंग्या यायच्या आधी हात झटक, आल्यावर झटकून काय उपयोग? पोरी हसत. पण झटकत. मुलींची रांगच्या रांग हात झटकत शाळेला जाताना मी पाहिली आहे.

तरी वर्षानुवर्षांचं दाबणं ते. पंच्याण्णवच्या पावसाळ्यानंतर मामांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं किंचित वाकू लागली. लादी सरळ मोडेना. मी म्हटलं, थोडे महिने सायकल बंद ठेवा. तालुक्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मामा म्हणाले, “सायकल बंद. मंग पाव काय चालत येतील?”

त्याच सुमाराला गावात कुष्ठरोगाचं सर्वेक्षण झालं. शाळेत मोठी चित्रं दाखवली. बधिर चट्टा, वाकलेली बोटं, भाजलं तरी न कळणारा हात. रोग लवकर ओळखा, औषधाने तो पूर्ण बरा होतो, रोग्याला घाबरू नका, असं आम्ही घसा फोडून सांगितलं. गावाने चित्रं तेवढी लक्षात ठेवली.

पुढे काही दिवसांनी मामा पाव द्यायला आले. वरच्या आळीतल्या एका बाईने ओचा पुढे केला आणि थांबली. “मामा, केवढा फोड आलाय वो हाताला!”

“कुठं?” मामा म्हणाले, आणि स्वतःचाच हात उलटा करून बघू लागले. बेकरीतल्या तापल्या पत्र्याला करंगळी लागली होती. त्यांना कळलं नव्हतं.

फोड आठ दिवसांत बरा झाला. पण तो ‘कुठं?’ गावभर गेला.

दुसऱ्या दिवशी त्या बाईने ओट्याच्या कडेला ताट ठेवलं. “हितं ठेवा मामा, माझा हात पिठाचा हाय.” त्याच्या दुसऱ्या दिवशी आळीतल्या सगळ्यांचेच हात पिठाचे. मामा उपकेंद्रापाशी येऊन मला म्हणाले, “बाय, आज अख्ख्या गावात भाकऱ्याच थापतात वाटतं.” ते हसत होते. मला हसू आलं नाही, मग त्यांनीही थांबवलं.

मी त्यांना आत बसवलं आणि पुरतं तपासलं. डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक फिरवलं. करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट, तेही तळव्याच्याच बाजूने, एवढंच बधिर. अंगावर कुठे चट्टा नाही. त्या रोगात कोपरापाशी सुजते ती शीरही जाड नाही. पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही सांगितलं, हा तो रोग नाही, ही सायकल आहे. मी घरोघर जाऊन तेच सांगितलं. पाणवठ्यावर सांगितलं, भजनाच्या बायकांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. मग भजनातल्याच एका बाईने तोंड उघडलं.

“तुमी बोलता तं खोटा कशाला असंल, बाई? पन तुमी तं रोग असला तरी भिऊ नका, असंच सांगनार.”

“अहो, पण नाहीच आहे त्यांना!”

“नाय तं मंग तुमी त्यांचा हात धरून आत का बसलावता?”

नर्सने हात पाहिला म्हणजे हातात काहीतरी आहे. नर्सने पाहिला नाही तर ती लपवते आहे. मी रोज त्यांच्या हातून पाव घेऊन ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा खात बसू लागले. त्यावर ऐकायला आलं की बाईंकडे गोळ्या आहेत, त्यांना काय होतंय?

बेकरीवाला माणूस वाईट नव्हता. त्याने मामांना चिमटा दिला. मामा पाव चिमट्याने ताटात ठेवू लागले. लादी मोडणं संपलं. बेकरीतूनच सुटे करून येत. गालाला लावणं तर कधीच थांबलं होतं.

आणि मग त्यांनी हात झटकणंही सोडलं. मला ते पहिल्या दिवशी कळलं नाही. सायकल लांबून येताना दिसली आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. दोन्ही हात हँडलवर, घट्ट, कोपर ताठ. मुलींना जसं धरू नका म्हणून ओरडत, अगदी तसं.

“मामा, हात का झटकत नाही? मोकळा सोडा तो!”

“झटकला की पोरं पलतात, बाय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “कालच्याला एकानं आपल्या भनीला वडून घरात नेली. झटकला तं तिच्या अंगावर उडंल, बोलला.”

“पळू देत. हात कायमचा जाईल अशाने.”

“हात जाईल तं जाईल. पोरं हाक मारून पाव मागत व्हती गो मना. तुला काय सांगू?”

मी सांगण्यासारखं सगळं सांगितलं होतं. गावाबाहेर तरी झटका, म्हटलं. ते हो म्हणाले. पण रस्त्यावर कुणी ना कुणी असतंच. शेतात वाकलेली बाई असते, गाडीची वाट बघणारा असतो. मामांनी रोह्यापासून निडीपर्यंतचा सगळा रस्ता हात आवळून काढायला सुरुवात केली, आणि त्या हाताची उरलेली ताकद तीन-चार महिन्यांत गेली. पाव आल्याचं कळवायला वाजवत तो रबरी भोंगा आधी डाव्या बाजूला आला, मग बंद झाला. “पाऽव” अशी हाक ऐकू येऊ लागली, तीही दबकी. मी पुढचा ब्रेक डावीकडे घ्यायला लावला. मागच्याची दांडी मग उजवीकडे आली. भरलेली पेटी घेऊन उतार उतरताना दोन्ही लागतात. मामा म्हणाले, “शिमग्यापर्यंत करतो, बाय. मंग गावाला जातो. भावाकडं. मीठ वडाया दोन बोटं कमी चालतात.” जानेवारीत मी त्यांना सांगितलं, शिमग्याची वाट कशाला बघता? ते म्हणाले, “असा मधीच गेलो तं लोक बोलतील, खराच व्हता.”

एवढ्यासाठी ते थांबले होते. हे मला कंडक्टर गेल्यावर, स्टोव्हपाशी बसल्या बसल्या आठवलं, आणि त्यानंतर मी सिरिंजांकडे बघितलं नाही. पाणी आटून भांडं करपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी पेणला गेले आणि तिथून बांधावरून चालत त्यांच्या गावी. मिठाचा हंगाम होता. आगरात ढीग लागले होते, पण काम बंद होतं. अंगणात माणसं बरीच होती. मामा ओसरीवर चटईवर होते. चुलीवर पाणी तापून वाफ येत होती. आणि सगळे भिंतीला टेकून उभे. मामी एकट्या पायाशी बसल्या होत्या.

“कशाला थांबलात?” मी विचारलं.

थोरले भाऊ पुढे आले. “बाय, रोह्याच्या मानसांनी सांगला का याला तो रोग व्हता. पोराबालांची घरं हायत आमची. आंघोल कोन घालनार, ह्याच बोलना चाललाय.”

“मी त्यांना तपासलं आहे. त्यांना रोग नव्हता. सायकलने शीर दबली होती.”

कुणी हललं नाही. मी पदर खोचला, हंड्यातून तांब्या भरला आणि चटईपाशी बसले.

मागून एक म्हातारा म्हणाला, “बायमानसानं बाप्याला आंघोल घालायची नाय आमच्यात.”

“मग तुम्ही घाला,” मी म्हटलं आणि उजवा हात उचलला. दोन बोटं तळव्यात वाकलेली होती. मी त्यांवर पाणी सोडलं आणि बोटांच्या मधली जागा अंगठ्याने धुऊ लागले. मामी सरकून आल्या आणि त्यांनी डावा हात घेतला.

मग माझ्या शेजारी कुणीतरी गुडघे टेकले. थोरले भाऊ होते. “सरका बाय,” म्हणाले, आणि तांब्या माझ्या हातातून घेतला. तांब्या बाजूला ठेवून त्यांनी भावाचा तो हात मिठाने चिरलेल्या आपल्या दोन्ही हातांत धरला आणि आधी नुसताच धरून ठेवला. भिंतीपाशची माणसं एकेक करून पुढे आली.

मी उठले आणि आणखी पाणी तापत ठेवायला चुलीकडे गेले.