आज देवीचा दिवस

आमच्या साकोलीच्या छोट्याशा संग्रहालयात, काचेच्या कपाटात, रोमन बादशहाचं काशाचं नाणं उभं ठेवलेलं होतं. चौकीदाराचा पूर्वी पानठेला होता. पानं सडू नयेत म्हणून ती रोज उलटायची त्याची सवय नाण्यालाही लागली. एक दिवस राजा समोर, एक दिवस मागची देवी. विचारलं की म्हणायचा,

"राजा झाला म्हून काय झालं बाबू, एकाच कुशीवर किती दिवस निजन?"

आणीबाणीत नवा साहेब आला. त्यानं राजा समोर ठेवून कुलूप घातलं. "पुन्हा नाण्याला हात लावलास तर घरी बसवीन."

दुसऱ्या सकाळी अख्खं कपाट भिंतीकडे तोंड करून उभं.

"नाण्याले हात नाई लावला, साहेब. आज देवीचा दिवस हाय."

साहेब ओरडणार, तेवढ्यात सानगडी गावाहून संग्रहालय बघायला आलेल्या बायांनी देवीचं नाव ऐकून कपाटाच्या पाठीला हात जोडले. साहेबानं बूट काढले.