पापलेटच्या तोंडातले बारा हजार

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, आणि हात मासे कापणाऱ्या बाईचा, त्यामुळे अक्षर ओलं झाल्यासारखं पसरतं. कोणी ही वही उघडलीच तर चुका पोटात घालाव्यात. बस्त्याव सर असते तर लाल पेनाने सगळीकडे गोल केले असते. म्हणून ते असताना मी कधी काही लिहिलं नाही.

सर अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या गावठाणात राहायचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, संपली की पांढरा शर्ट, काखेत लांबट वही, असे बाजारात यायचे. कोळणीकडून मासळी घ्यायचे आणि कापायला माझ्याकडे द्यायचे. मी कोपऱ्यात गटाराच्या कडेला विळी घेऊन बसायचे. बाकीची गिऱ्हाइकं सांगायची, तुकडे लहान कर, डोकं टाकून दे. सर उकिडवे बसून विचारायचे, "पोटात काय निघालं?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. मी खाली मान घालून म्हटलं, "घाण."

"घाण म्हणजे नक्की काय?"

"कोळंबी. आणि हा गळ."

त्यांनी वही उघडली. आत रकाने आखलेले होते. मासा कोणता, काय निघालं, कारण काय. त्यांनी लिहिलं, सुरमई, गळ, आणि कारणाच्या रकान्यात, माणूस. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाणं कधी सापडलं का?"

"नाही सर."

"सापडलं तर मला सांगायचं. गिळायचं नाही."

पुढे त्यांनीच सांगितलं. त्यांच्या बायबलात एक गोष्ट आहे. येशूला देवळाचा कर भरायचा होता आणि जवळ पैसे नव्हते. त्याने शिष्याला गळ टाकायला लावला आणि पहिल्याच माशाच्या तोंडात नाणं निघालं. सरांचं म्हणणं, मासा चमकणारी वस्तू गिळतो, त्यात चमत्कार कसला? माझ्या विळीखाली एक जरी नाणं निघालं तरी ते सिद्ध होणार होतं. सात वर्षं दर रविवारी ते विचारत आले, "शालू, नाणं?" आणि मी म्हणत आले, "नाही सर." प्लास्टिक निघालं, जाळ्याचा दोरा निघाला, एकदा टूथपेस्टचं झाकण निघालं. सगळ्याचं कारण एकच, माणूस. झाकण निघालं त्या दिवशी सर फार खूश होते. म्हणाले, "जवळ आलो."

आम्ही बौद्ध. आमच्या घरात चमत्काराला थारा नाही, त्यामुळे सरांचं बोलणं मला पटायचं. पटायचं नाही ते त्यांच्या मोठ्या बहिणीला. कार्मेलिन बाय. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात. हातात जपमाळ, तोंडात भावाला बोलणं. सणासुदीला जास्त मासळी असली की मी घरी जाऊन कापायचे, तेव्हा स्वयंपाकघरात मला दोघांचं भांडण ऐकायला मिळायचं.

सर म्हणायचे, "देवाने समुद्र दुभंगवला आणि लोक चालत पार गेले वगैरे काही नाही. जोराचा वारा आणि ओहोटी. मालाडची खाडी बघ, ओहोटीला कोणीही चालत जाईल."

"मग मागून आलेली फौज कशी बुडाली रे?"

"त्यांनी भरतीची वेळ बघितली नाही."

"आणि येशूच्या पाच भाकऱ्यांत पाच हजार माणसं जेवली ती?"

"प्रत्येकाकडे डबा होता. लपवून ठेवला होता. एकाने काढला तसे लाजेने सगळ्यांनी काढले."

"पाच हजार माणसं डबे लपवतात?"

"चर्चच्या पिकनिकला तू पर्समध्ये काय लपवलं होतंस?"

बाय माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दोन चकल्या होत्या गो. फक्त दोन."

येशूने एका लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, त्यावर सरांचं उत्तर होतं की मडक्यांत जुन्या रसाचा गाळ असणार. ते सिद्ध करायला त्यांनी घरच्या जुन्या वाईनच्या बरणीत पाणी भरून चार दिवस उन्हात ठेवलं आणि एक पेलाभर प्यायले. दोन दिवस संडासातून बाहेर आले नाहीत. बाय दाराबाहेर उभ्या राहून विचारायच्या, "काय रे बस्त्या, कारण सापडलं का?"

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, चमत्कार मानत नाही, मग दर रविवारी चर्चमध्ये कशाला जाता?"

त्यांनी चष्मा पुसला. "वाऱ्याने समुद्र हटला, हे मला कळतं. पण वारा नेमका त्याच वेळी का आला, ते अजून सापडलेलं नाही. तेवढं विचारायला जातो."

मग आमचा बाजार पाडून नवा बांधला. आता गटाराच्या कडेला कोणाला बसू देणार नव्हते. आत ओटा घ्यायचा, त्याची अनामत अठरा हजार, शनिवारपर्यंत. नाही भरली तर ओटा दुसऱ्याला. माझ्याकडे सहा होते. नवरा गेल्यावर त्याने घेतलेले उसने फेडता फेडता माझी निम्मी जिंदगी गेली होती. तेव्हाच मी ठरवलं होतं की परत कोणापुढे हात पसरायचा नाही. बाजारातल्या बायकांनी सरांच्या कानावर घातलं. ते आले आणि सरळ म्हणाले, "बारा मी देतो."

"नको सर."

"उसने म्हणून घे."

"उसने तर नकोच." माझा आवाज एवढा मोठा झाला की मलाच लाज वाटली. त्यानंतर चार दिवस त्यांना बघितलं की मी मान खाली घालून खवले काढत बसायचे. मनात ठरवलं होतं, आता दोन घरची भांडी धरायची.

शुक्रवारी सरांचा निरोप आला, पाहुणे येणार आहेत, घरी येऊन मासळी काप. गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच पापलेट. सर खुर्चीत वही उघडून बसलेले. बाय कोपऱ्यात जपमाळ ओढत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मी पापलेट हातात घेतलं. जड. तोंड बघितलं तर एका बाजूने कल्ल्यापर्यंत फाडलेलं आणि काळ्या दोऱ्याने शिवलेलं. बारीक, एकसारखे टाके, ब्लाउजला घालतात तसे. टाके उसवले. आत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली पाचशेच्या नोटांची सुरळी.

"काय निघालं?" सर वहीतून मान वर न करता म्हणाले.

"सर, हे पापलेट आहे."

"बरं."

"पापलेटच्या तोंडात चणासुद्धा जात नाही."

"असं?"

"आणि ह्याला टाके घातलेत."

"ऑपरेशन झालं असेल."

"समुद्रात?"

"कारण असतं, शालू. आपल्याला दिसलं नाही म्हणजे नाही, असं होत नाही."

सात वर्षं रोज शेकडो मासे कापून मला कळत नव्हतं का? विज्ञानाच्या मास्तरांनी बाजारातल्या एवढ्या मासळीतून नेमकं पापलेट निवडलं होतं. मोठ्या तोंडाचा बोंबील निवडला असता तरी आठ आण्यांची जास्त हुशारी दिसली असती. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला मी नळ सोडला.

"सर, पैसे तुमचे आहेत."

"माझे कसे? माशाचे आहेत. तुझ्या हाताखाली निघाले."

"मी परत करणार."

"मग माशाला कर."

"महिन्याला पाचशे. मोबाईलवरून पाठवते."

"माशाकडे मोबाईल नाही," सर म्हणाले, आणि वही मिटली.

बायने जपमाळेचं चुंबन घेतलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. "ते पापलेट तेवढं धू गो नीट. सकाळपासून ह्याने हाताळलंय."

शनिवारी मी ओटा घेतला. आता माझ्या डोक्यावर छप्पर आहे, नळ आहे, ओट्यावर नंबर आहे.

गिऱ्हाईक मोठ्या माशाचं डोकं बरेचदा टाकून जातं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जिताड्याचं एक डोकं बाजूला ठेवलं. जिताड्याचं तोंड मोठं, त्यात मूठ जाते. पाचशेची नोट दुधाच्या पिशवीत गुंडाळून आत घातली आणि सरांच्या घरी नेऊन दिली. टाके घालावे लागले नाहीत. सरांनी जबडा उघडला, नोट काढली, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "कमाल आहे." बायने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला. सरांनी वहीत लिहिलं आणि संध्याकाळी डोक्याचं कालवण झालं.

असं दर महिन्याला. कधी जिताडा, कधी घोळ, कधी सुरमई. एका महिन्यात डोकं मिळालं नाही म्हणून मी बोंबलाच्या तोंडात नोट घालून नेली, तर सर म्हणाले, "अगं, हा तर गिळलेल्या नोटेपेक्षा स्वस्त आहे." पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा बर्फातलं डोकं. बाय दर वेळी तेवढ्याच भक्तीने क्रूस करायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या बायला खरंच वाटतं की देव पाठवतो. मला अपराधी वाटायचं, पण सांगायचा धीर व्हायचा नाही.

तेवीस हप्ते झाले आणि सर गेले. आजारपण चार दिवसांचं. भेटायला गेले तेव्हा त्यांना धाप लागत होती, तरी विचारलंच, "शालू, नाणं?"

"नाही सर. सात आणि दोन, नऊ वर्षं झाली."

"म्हणजे दुर्मिळ आहे," ते म्हणाले. "पण अशक्य नाही."

शेवटचे पाचशे राहिले होते. सरांना जाऊन महिना झाला, त्या मिस्सेनंतरच्या रविवारी मी जिताड्याचं सगळ्यात मोठं डोकं घेऊन गेले. सर नाहीत, आता हे नाटक कोणासाठी करायचं, असं वाटेत दहा वेळा मनात आलं. बायने डोकं हातात घेतलं, जबडा उघडला, नोट काढली आणि क्रूस केला.

मला राहवलं नाही. "बाय, ते देवाचं नाही. मीच घालते. पहिले पैसे सरांनी घातले होते पापलेटमध्ये."

बायने माझ्याकडे असं बघितलं जसं मी दुधात मीठ टाकलंय. "टाके कोणी घातले मग? त्याला सुईत दोरा ओवता येत होता का गो?"

"मग तुम्ही दर महिन्याला क्रूस कशाला करायच्या?"

"अगो, माझ्या भावाने अर्ध्या गावठाणाला उसने दिले. एकानेही परत आणून दिलेले मी डोळ्यांनी पाहिले नाहीत. तू महिन्याच्या महिन्याला येत होतीस. त्याला चमत्कार नाही तर काय म्हणायचं?" मग आत जाऊन त्यांनी सरांची वही आणली. "हे बघ. त्याला समुद्राचं कारण सापडलं, तुझं नाही सापडलं."

मी बघितलं. पापलेट, बारा हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, शालू उसने घेत नाही. त्याखाली जिताडा, पाचशे. घोळ, पाचशे. सुरमई, पाचशे. तेवीस ओळी, आणि तेवीसही वेळा कारणाचा रकाना रिकामा.

"लिही," बाय म्हणाल्या. "चोविसावी."

त्या सुंदर अक्षरांखाली लिहायला माझा हात धजेना. बाय पेन धरून उभ्या होत्या. शेवटी लिहिलं. जिताडा. पाचशे. कारणाच्या रकान्यात सर गळाला आणि झाकणाला लिहायचे तेच लिहिलं. माणूस.

बायने चष्मा लावून वाचलं. "काय गो हे अक्षर! कोंबडी चालून गेली जशी." मग नोट उजेडात धरून पाहिली, पदराने पुसली आणि डब्यात टाकली. "पण पैसे पूर्ण झाले."